काउंटरवर बसण्याआधीचं व्याकरण

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. शुद्धलेखनाची एकही चूक होऊ द्यायची नाही. खाडाखोड झाली तर पान फाडून पुन्हा लिहायचं. (हे दुसरं पान आहे.)

सकाळी मालकांनी शटर अर्धंच वर केलं आणि आम्हाला आत बोलावून सांगितलं की महिनाअखेरीस दुकानाची मागची खोली बंद. चष्म्याच्या काचा घासायचं मशीन विकायचं ठरलं आहे. यापुढे काचा गावाबाहेरच्या मोठ्या लॅबमधून फ्रेममध्ये बसूनच येणार. मागच्या खोलीत आम्ही दोघं. मी काचा घासतो, चिमटी फ्रेमा दुरुस्त करते. दोघांपैकी एकालाच ठेवणार, तेही पुढे, काउंटरवर. हल्ली इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत. त्यांच्याशी जो नीट बोलेल तो राहील.

चिमटीचं खरं नाव वेगळं आहे. केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलते म्हणून चिमटी. बोलणंही तसंच, नेमकं नाजूक जागी धरते. ती म्हणाली, मालक, मला येस आणि नो येतं, मधलं मी हाताने सांगेन. मालक हसले.

मी हसलो नाही. मनात म्हणालो, हिचं कठीण आहे.

घाबरलो नाही. फक्त डबा तसाच परत आणला.

घरी सांगितलं. दादा म्हणाला, नाहीच जमलं तर आमच्या गोदामात ये, खोकी उचलायला माणूस हवाच असतो. आई म्हणाली, तो कशाला खोकी उचलेल, तो काउंटरवर बसणार आहे. आणि लगेच शेजारच्या काकूंना तसं सांगून आली. म्हणजे आता बसावंच लागणार.

२ सप्टेंबर, मंगळवार

शांतपणे विचार केला. मला इंग्रजी येत नाही असं नाही. स्पेलिंगमध्ये वर्गात माझा हात कोणी धरत नव्हतं. मी बोलत नाही, इतकंच. आणि का बोलत नाही हे शोधत गेलं तर मुळाशी एकच गोष्ट सापडते. लिंकिंग व्हर्ब.

दहावीच्या पेपरात दुसराच प्रश्न होता, लिंकिंग व्हर्ब ओळखा. सगळी ओळखली, शेवटचं एक राहिलं. त्याची पूर्ण खात्री होईना. खात्री नसताना लिहिणं माझ्या स्वभावात नाही. खात्री होईपर्यंत घंटा झाली. पुढचे प्रश्न कोरे. म्हणजे निकालात दिसलं ते अज्ञान नव्हतं, काटेकोरपणा होता. पण हे तेव्हा कोणाला पटवता आलं नाही. शाळाही तिथेच सुटली.

तेव्हा गाडी जिथे अडली तिथूनच ढकलायची.

संकल्प : लिंकिंग व्हर्ब पक्की होईपर्यंत इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. चुकीची सवय एकदा लागली की जात नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

रद्दीच्या दुकानातून व्याकरणाचं पुस्तक आणलं. मागची काही पानं नाहीत, पण लिंकिंग व्हर्बचा धडा पूर्ण आहे. हा शुभशकुन समजतो.

धडा वाचला. थोडक्यात असं : बाकीची क्रियापदं कामं करतात. खातो, पळतो, घासतो. लिंकिंग व्हर्ब काहीच करत नाही. अलीकडच्या शब्दाला आणि पलीकडच्या शब्दाला धरून नुसतं मध्ये उभं असतं. इज, अ‍ॅम, आर ही त्यातली मोठी मंडळी. आमच्या दुकानातही असं एक माणूस आहे, पण ते मालकांचे मेहुणे असल्यामुळे जास्त लिहीत नाही.

सीम, बिकम, लुक, फील, टेस्ट हीसुद्धा कधीकधी लिंकिंग होतात. कधीकधी! इथेच घात आहे. ओळखायची खूण अशी की त्यांच्या जागी इज घालून बघायचं. द सूप टेस्ट्स गुड. द सूप इज गुड. चालतं, म्हणजे लिंकिंग. द कुक टेस्ट्स सूप. द कुक इज सूप. स्वयंपाकी म्हणजे सूप. चालत नाही.

जेवताना हे सगळ्यांना समजावून सांगितलं. वहिनी म्हणाली, भावोजी, भाजी खारट झालीय का तेवढं आधी सांगा, तिचं क्रियापद मागाहून काढा. दादाला ठसका लागला.

भाजी खारटच होती. पण मी सांगितलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चिमटी सकाळपासून दर थोड्या वेळाने पुढे जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी इंग्रजी बोलते. व्याकरण नावाला नाही. एका बाईंना म्हणाली, मॅडम, धिस फ्रेम यू, नाइस, दॅट फ्रेम यू, आजी. बाई खो खो हसल्या आणि फ्रेम घेऊन गेल्या.

अशाने धंदा होतो, हे मान्य. पण भाषा होत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आज एक प्रसंग. माझी बाजू लिहून ठेवतो, कारण दुकानात ती कोणी ऐकली नाही.

काउंटरवर एक सूटवाले गृहस्थ. चिमटी त्यांना फ्रेम दाखवत होती. मी पडद्यामागे मशीनवर. तिने त्यांच्या चेहऱ्यावर हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, सर, युवर नोज बिग, धिस फ्रेम हॅपी. गृहस्थ हसत होते. पण वाक्यात लिंकिंग व्हर्ब नाही! दोन शब्द शेजारी शेजारी, मध्ये कोणी नाही. माझ्याने राहवलं नाही. पडदा बाजूला करून मी म्हणालो, इज! नोज इज बिग!

गृहस्थांनी नाकाला हात लावला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा जरा मोठ्याने सांगितलं.

ते गेले.

चिमटीने चिमटा टेबलावर आपटला. म्हणाली, मी बोलले तेव्हा माणूस हसत होता, तू व्याकरण घातलंस आणि त्याला लागलं. नंबरकाका (डोळे तपासून नंबर काढतात म्हणून नंबरकाका, त्यांची नोकरी शाबूत आहे) अंधाऱ्या खोलीतून डोकं काढून म्हणाले, अरे बाबा, वाक्य बरोबर होतं, माणूस चुकला तुझा.

इथे एक नोंद. माझं वाक्य बरोबर होतं हे नंबरकाकांनी चारचौघांत मान्य केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मालकांनी जाहीर केलं की दोघांनाही काउंटरवर एकेक पूर्ण दिवस देणार. चिमटीला बुधवार, मला शुक्रवार, १९ तारीख. त्यानंतर निर्णय.

मला नंतरचा दिवस मिळाला. अभ्यासाला वेळ मिळावा हीच मालकांची इच्छा असणार. तसं ते बोलले नाहीत, पण माणूस ओळखता येतो.

 

१३ सप्टेंबर, शनिवार

लुक आणि फील जवळजवळ पक्की. सीम पक्कं. बिकम बरं चाललं आहे. अजून तोंडाने बोललेलो नाही. नियम म्हणजे नियम.

वहिनी म्हणाली, भावोजी, पोहायचं शिकताय की पाण्याचं पृथक्करण करताय? तिने हे वाक्य आधी तयार करून ठेवलं असावं.

दादा म्हणाला, गोदामात सुपरवायझरशी बोललोय, काही वाटून घेऊ नकोस. मला काही वाटलं नाही. फक्त नंतर बराच वेळ मी दगडासारखा बसून होतो, असं आई म्हणाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

महत्त्वाचा दिवस. लिंकिंग व्हर्बचं मर्म आज हाताशी आलं, तेही कामावर.

पलीकडच्या रस्त्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई आहेत. परक्या मुलखातल्या, आपली भाषा त्यांना येत नाही. त्यांचा चष्मा आज करायला घेतला. उजव्या आणि डाव्या डोळ्याच्या नंबरात बरंच अंतर आहे. दोन्ही गोल काचा, अजून न कापलेल्या, माझ्यासमोर ट्रेमध्ये होत्या. उजवी उजव्या खणात, डावी डाव्या. मध्ये रिकामी फ्रेम. आणि एकदम दिसलं. हे तर वाक्यच! दोन बाजूंना दोन काचा, मध्ये नाकावर बसणारा पूल. पूल काहीच बघत नाही. नुसता जोडतो.

मार्करने एका काचेवर लेडी लिहिलं, दुसरीवर टीचर. पुलावर इज. लेडी इज टीचर.

पुस्तकात म्हटलं आहे की अशा वाक्यात दोन्ही बाजू म्हणजे एकच व्यक्ती. म्हणून काचा उचलून अदलाबदल केली. टीचर इज लेडी. अर्थ तोच! फरक काहीच नाही! इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. चिमटीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आता पूस ते आणि काच घास, बाई शुक्रवारी येणार आहेत.

पुसलं. घासलं. बसवल्या. नंबर तपासायच्या यंत्रावर धरून पाहिलं. दोन्ही नंबर नंबरकाकांच्या चिठ्ठीतल्यासारखेच. हात बसलेला असला की असं होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

चिमटीचा दिवस. गिऱ्हाइकं हसत होती, ती हसत होती, मालकही. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने सांगितलं, अंकल, ओल्ड ग्लास, वर्ल्ड फॉग, न्यू ग्लास, वर्ल्ड टकाटक. टकाटक! तो म्हातारा दाराबाहेर जाईपर्यंत टकाटक, टकाटक म्हणत होता.

मोजायला सुरुवात केली होती, पण तिच्या चुका मोजण्यापलीकडच्या आहेत. मालकांच्या लक्षात आलंच असेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पूर्ण तयारी. शर्टाला इस्त्री केली. वहिनीने विचारलं, उद्या पहिलं वाक्य काय म्हणणार? मी म्हणालो, समोरचा काय बोलतो त्यातलं क्रियापद आधी ओळखणार, मग त्याला जुळणारं उत्तर देणार. ती म्हणाली, भावोजी, नुसतं हॅलो म्हणा हो.

हॅलोमध्ये क्रियापद नाही. पण वाद घातला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

दुकानातूनच लिहितो आहे, कारण हे ताजं असतानाच उतरवायला हवं.

मालक लॅबमध्ये गेलेले. नंबरकाका अंधाऱ्या खोलीत पेशंटबरोबर. चिमटीची आज सुट्टी. काउंटरवर मी एकटा. पियानोच्या बाई आल्या. मी चष्मा दिला. त्यांनी घातला, फरशीकडे पाहिलं, काउंटरला धरलं आणि म्हणाल्या, द फ्लोअर लुक्स क्रुकेड. मग म्हणाल्या, आय फील सिक. मग म्हणाल्या, एव्हरीथिंग सीम्स राँग.

लुक! फील! सीम! तिन्ही! एकामागून एक! आणि तिन्हींच्या जागी इज बसतं! मला एकही चुकलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, करेक्ट, मॅडम. व्हेरी करेक्ट.

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. विचारलं, विल इट बिकम बेटर?

बिकम!

मी म्हणालो, यस, मॅडम. बिकम. व्हेरी गुड.

बाईंनी मान हलवली आणि चष्मा घालूनच गेल्या. जाताना दाराची चौकट त्यांनी हाताने चाचपली.

माझं पहिलं इंग्रजी संभाषण. एकही चूक नाही.

त्याच दिवशी, दुकान बंद करताना

पाचच्या सुमारास फोन वाजला. त्याच बाई. म्हणाल्या, इट इज गेटिंग वर्स.

गेट! गेटचं काय? गेट माझ्या यादीत नव्हतं. मी वन मिनिट म्हणालो, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि आत जाऊन पुस्तक काढलं. धड्याच्या शेवटी बारीक अक्षरात सापडलं. गेटसुद्धा लिंकिंग होतं. परत येऊन म्हणालो, यस, मॅडम, गेट ऑल्सो.

फोन कट झाला. लाइन खराब असते संध्याकाळी.

२० सप्टेंबर, शनिवार

पियानोच्या बाई काल संध्याकाळी स्वतःच्या जिन्यावरून पडल्या. शेवटच्या पायरीखाली आणखी एक पायरी आहे असं त्यांना दिसलं. मनगट मोडलं. उजवं.

त्यांच्या शेजारणीने चष्मा दुकानात आणून काउंटरवर ठेवला. मालकांनी चष्मा उचलून स्वतः यंत्रावर धरला. एक काच पाहिली. दुसरी पाहिली. चिठ्ठी पाहिली. मग नंबरकाकांना बोलावलं.

उजवी डावीकडे होती आणि डावी उजवीकडे.

मी म्हणालो, यंत्र जुनं आहे. नंबरकाका म्हणाले, जुनं आहे, पण डावं-उजवं त्याला अजून कळतं. मी म्हणालो, मी तपासलं होतं, दोन्ही नंबर बरोबर होते. मालक म्हणाले, दोन्ही बरोबर होते. मग म्हणाले, त्या काल चष्मा घ्यायला आल्या तेव्हा काही बोलल्या का?

मी म्हणालो, हो.

काय बोलल्या?

मी सगळं सांगितलं. शब्दन्‌शब्द. फरशी वाकडी दिसते. मळमळतं. सगळं चुकल्यासारखं वाटतं. हळूहळू बरं होईल का? हे मी मराठीत सांगत गेलो आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण मराठीत ते वेगळंच ऐकू येत होतं.

मालकांनी विचारलं, आणि तू काय म्हणालास?

चिमटी तिथेच उभी होती. तिने स्क्रूची डबी बंद केली आणि आत निघून गेली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

चूक झाली हे खरं. पण कुठे झाली हे शांतपणे पाहायला हवं. क्रियापदं ओळखण्यात झाली नाही.

दिवसभर पुस्तक उघडलं नाही. फक्त एकदा उघडलं.

आईने विचारलं, काउंटरचा दिवस कसा गेला, सांगितलंच नाहीस. मी म्हणालो, गर्दी होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवीन काचा घेतल्या, घासल्या. ट्रेवर कशालाही हात लावायच्या आधी उजव्या काचेवर उजवी आणि डाव्या काचेवर डावी असं लिहिलं. बसवल्यावर तपासल्या. नंबरकाकांकडून तपासून घेतल्या. चिमटीकडूनही. ती म्हणाली, बरोबर आहेत रे, पुरे आता, काच झिजेल बघून बघून.

मालक म्हणाले, चष्मा तूच नेऊन दे. आणि सॉरी म्हणून ये.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नेऊन द्यायचा होता, पण तयारी अपुरी वाटली.

आय अ‍ॅम सॉरी. लहान वाक्य आहे असं लोकांना वाटतं. मी त्याचा नीट विचार केला. अ‍ॅम हे लिंकिंग व्हर्ब. अलीकडे आय, पलीकडे सॉरी. पलीकडचा शब्द अलीकडच्याबद्दल सांगतो. म्हणजे हे वाक्य एकदा म्हटलं की सॉरी ही माझ्या तोंडातून निघालेली गोष्ट राहत नाही. मी काय आहे, ते ती सांगते. मध्ये काम करणारं काहीच नाही, ज्याच्या आड लपावं. फार मोठं वाक्य आहे. इतके दिवस लोक ते धक्का लागला तरी कसं म्हणतात कळत नाही.

चिमटीला विचारलं, तू कसं म्हणशील? ती म्हणाली, मी नुसतं सॉरी म्हणेन आणि रडेन. रडायला स्पेलिंग लागत नाही.

वहिनीलाही सगळं सांगितलं. आज पहिल्यांदाच. तिने चेष्टा केली नाही. म्हणाली, भावोजी, त्यांचा हात मोडलाय हो. तुमचं वाक्य नाही मोडलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेलो.

जिना अरुंद आहे. शेवटची पायरी पाहिली. तिच्याखाली पायरी नाही.

दार बाईंनीच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मागे पियानोचं झाकण बंद. त्यावर कपडे वाळत घातले होते. मी वाक्य तयार ठेवलं होतं, पण ते कपडे बघितले आणि आय कुठे ठेवला होता तेच आठवेना. चष्मा पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने घातला, तो तिरका बसला. मग मी पुढे होऊन त्यांच्या कानामागची दांडी थोडी वाकवली, नाकावरचा पूल सरळ केला, पुन्हा दांडी पाहिली. हे करताना बोलावं लागत नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, बराच वेळ जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, तू फारच वाईट दिसतोयस, बरा आहेस ना?

मी म्हणालो, नो.

एवढंच. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, डाव्या हाताने पाणी दिलं, थोडं सांडलं. बसून बोलत राहिल्या. त्यांच्याकडचे निम्मे विद्यार्थी दुसरीकडे गेले. हाडं जुळायला वेळ लागेल आणि बोटं पूर्वीसारखी चालतील की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. रागावले होते, म्हणाल्या, खूप रागावले होते, फोनवर तुझं ते गेट ऑल्सो ऐकू आलं तेव्हा मी रिसीव्हर आपटला. आई आहे का घरी, असं विचारलं. मी हो म्हणालो. दुकानातून काढून टाकतील का, असंही विचारलं. मी म्हणालो, मे बी. त्या म्हणाल्या, मी तक्रार केलेली नाही, पण केली नाही म्हणजे दुखत नाही असं नाही.

परत येताना लक्षात आलं, मोठी संधी हुकली. इतकं मोठं संभाषण आणि मी त्यातलं एकही क्रियापद टिपून ठेवलं नाही. आत्ता आठवायला बसलो तर सगळं मराठीतच आठवतं. लिंकिंग किती होती, बाकीची किती, काहीच सांगता येत नाही. इतक्या दिवसांचा अभ्यास ऐन वेळी वाया गेला.

आणि सॉरी म्हणायचं राहिलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चिमटीला काउंटर.

मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, इतरांच्या आधी. हे त्यांनी चांगलं केलं. म्हणाले, तिला इंग्रजी येत नाही हे मलाही कळतं, पण समोरचा काय म्हणतोय ते तिला कळतं. मी म्हणालो, लिंकिंग व्हर्ब संपलीत, पुढचा धडा सुरू केला तर दोन महिन्यांत… ते खिशात काहीतरी शोधत राहिले. खिशात काही नव्हतं.

चिमटीने पेढा… नाही, पेढा नव्हता. काहीच वाटलं नाही तिने. डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, खा, नाहीतर मला घशाखाली उतरणार नाही. खाल्ली.

घरी सांगितलं. दादाने टीव्ही बंद केला. आई म्हणाली, मग आता? मी म्हणालो, बघू. आईने शेजारच्या काकूंचं नाव काढलं नाही, पण उठून बाहेरचं दार लोटून घेतलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दोन माणसं येऊन मशीन घेऊन गेली. दारातून निघेना, म्हणून चाक काढावं लागलं. चाकाचा नट कुठल्या बाजूने फिरतो ते त्यांना मी दाखवलं.

मालक म्हणाले, लॅबमध्ये रोज चिठ्ठ्या पोहोचवायला आणि तयार चष्मे आणायला माणूस लागणार. सायकल दुकानाची. करशील? मी विचारलं, इंग्रजी लागेल का? म्हणाले, नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ते वळले. मी लगेच हो म्हणालो.

याकडे नीट पाहिलं तर ही जबाबदारीची जागा आहे. पुढे बसलेल्याला एकच दुकान सांभाळायचं असतं. मला दोन्हीकडचं.

संकल्प : सायकलवर रोज एक क्रियापद.

१ ऑक्टोबर, बुधवार

पहिली फेरी. चिठ्ठ्या पाकिटात, पाकीट पिशवीत, पिशवी हँडलला. निघताना मालकांनी विचारलं, रस्ता माहीत आहे ना? माहीत होता. काल चालत जाऊन आलो होतो.

लॅब मोठी आहे. उंच भिंत, लोखंडी फाटक, बाहेर खुर्चीवर एक रखवालदार. मी सायकलवरून उतरलो. तो उठला, पुढे आला आणि इंग्रजीत म्हणाला, हू आर यू?

ओळखलं. आर. लिंकिंग व्हर्ब. एकदम सोपं वाक्य, पुस्तकातलं पहिलंच म्हणता येईल असं. अलीकडे आय, मध्ये अ‍ॅम, आणि पलीकडे मी जो आहे तो एक शब्द. एवढा एक शब्द बसवला की झालं. मी तोंड उघडलं. आय अ‍ॅम, इथपर्यंत व्यवस्थित म्हणालो, उच्चारही स्वच्छ होता. पलीकडे काय घालायचं ते शोधत राहिलो. काचा घासणारा, पण मशीन तर गेलं. काउंटरवाला, तर ती चिमटी आहे. दोनतीन शब्द अजून लावून पाहिले. बसेनात.

रखवालदार थांबला होता. मग त्याने हँडलची पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, डिलिव्हरी?

मी मान हलवली. त्याने फाटक उघडलं.